अक्का आठ तासांवर होती

जे अंतर माणसाने पायाखाली घातले नाही ते अंतर नव्हे, ती अफवा, असा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सिद्धान्त होता. पस्तीस वर्षे त्यांनी भूमापन खात्यात मोजणीदार म्हणून काढली. बेंगळूरच्या राजाजीनगरातला एखादा प्लॉट पूर्वेकडून किती भरतो आणि उत्तरेकडून किती, हे त्यांना शेजाऱ्यांच्या मुलांच्या नावांपेक्षा पक्के पाठ असे. निवृत्तीच्या दिवशी साखळी, फीत, खुंट्या सगळे खात्यात जमा झाले. घरी आली ती त्यांची स्वतःची एक पोलादी पट्टी. बैठकीच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. रोज सकाळी बातम्या ऐकता ऐकता अण्णा ती पट्टी नकाशावर ठेवत आणि बातमीतले गाव आमच्या घरापासून किती लांब आहे ते जाहीर करत. "भूकंप चार हजार किलोमीटरवर," असे ते म्हणाले की स्वयंपाकघरातून आईचे उत्तर येई, "मग सरी, कॉफी टाकते."

आमचे घराणे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणत्या तरी फौजेच्या मागून इकडे आले, असे सांगतात. त्याविषयी मी अधिक काही लिहू शकत नाही, कारण घरात कोणालाच अधिक ठाऊक नव्हते. निश्चित ठाऊक होते ते एवढेच, की एकदा इथे पोहोचल्यावर आमच्यापैकी कोणी फारसे कुठे गेले नाही. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड अशी व्यवस्था होती, आणि ती उंबऱ्यावर नेमकी थांबत नसे. आई डाळीत मीठ 'स्वल्प' घाले आणि 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणे. मोठ्या बहिणीला ताई म्हणणारी मराठी माणसे मी प्रथम महाविद्यालयात पाहिली, पुण्याहून आलेली. आमच्याकडे ती अक्काच. आणि मी धाकटी, म्हणून पुट्टी. पदार्थविज्ञानाची पदवी पदरात पडत आली तरी आईच्या हाकेत काही मी वाढले नाही.

अक्का मात्र गेली, आणि थेट टोकियोला गेली. आधी नोकरीसाठी, मग लग्न झाल्यावर श्रीकांत भावोजींसह. आमच्या घराण्याने तीन शतके साठवून ठेवलेला सगळा प्रवास तिने एका दमात उरकला, असे अण्णा म्हणत. तिला दिवस गेले तेव्हा घरातले पहिले वाक्य आईचे होते, "पहिलं बाळंतपण माहेरी." त्यात चर्चेला जागा नव्हती. मागच्या खोलीतली खाट हलवली गेली, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून झाली, डिंक आणि अळीव आणून डब्यांत भरले. सातव्या महिन्यात अक्काचा रक्तदाब वाढला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. अक्का फोनवर रडली. आईने ते सगळे ऐकून घेतले, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "मग माहेरच येईल की तिकडे. त्यात काय."

त्यात काय, हे तिने किती धाडसाने म्हटले होते ते समजायला मला बराच काळ लागला. आई तोवर एकदाही विमानात बसली नव्हती.

त्याच संध्याकाळी अण्णांनी टोकियोची मोजणी केली. बेंगळूरवर पट्टीचे शून्य टेकवले, टोक जपानवर नेले, नकाशाच्या तळाशी दिलेल्या प्रमाणाने गुणाकार केला आणि कागदावर आकडा लिहिला. "सात हजार चारशे किलोमीटर."

"अण्णा, नकाशा सपाट आहे," मी म्हटले.

"मग? मोजायला सपाटच लागतं."

"पृथ्वी गोल आहे."

"पस्तीस वर्षं मोजली मी पृथ्वी. मला कुठे गोल लागली नाही."

यात थट्टेचा भाग थोडा होता आणि खरेपणाचा अधिक. तीस फूट बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर पृथ्वी सपाटच असते. अण्णांच्या साऱ्या कारकिर्दीत तिला वळायला वाव मिळाला नव्हता. मी शाळेत बक्षीस मिळालेला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातला जांभळा दोरा घेतला आणि बेंगळूर ते टोकियो असा ताणून धरला. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. नकाशावरच्या अण्णांच्या रेषेहून तो उत्तरेकडे झुकला, बंगालचा उपसागर आणि म्यानमार ओलांडून चीनच्या पोटातून गेला आणि जपानला भिडला. मी दोरा गोलाच्या विषुववृत्तावर ठेवून त्याचे किलोमीटर काढले. सहा हजार सातशेच्या आसपास.

अण्णांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ पाहिले. "सातशे किलोमीटर गेले कुठे?" त्यांनी विचारले. "आमच्या खात्यात सात इंच कमी भरले तरी चौकशी लागायची."

ते गेले कुठेच नव्हते, नकाशाने ते पदरचे घातले होते, हे मी समजावले. त्यांनी मान हलवली; पण मी अभ्यासाला बसल्यावर पाहिले तर ते एकटेच गोलासमोर बसून दोरा इकडून तिकडे ताणत होते. बेंगळूर ते लंडन. बेंगळूर ते मॉस्को. प्रत्येक वेळी दोरा त्यांच्या अपेक्षेपेक्षा वर झुके आणि ते स्वतःशीच "अय्यो" म्हणत. मोजणीत आयुष्य गेलेल्या माणसाला साठीनंतर कळावे की सरळ रेषा वाकडी असते, आणि त्याने त्यावर रागावू नये, नुसते चकित व्हावे, हे मी त्या दिवशी पाहिले. आज मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डच्या एका कार्यालयात वाऱ्यांच्या अंदाजाची प्रारूपे तयार करते. एखादे उत्तर माझ्या समजुतीच्या विरुद्ध आले की पहिली प्रतिक्रिया अजून चिडण्याचीच असते. तेव्हा मला ते 'अय्यो' आठवावे लागते.

थेट विमान सुमारे आठ तासांत पोहोचते, असे मी आईला सांगितले. ती अवरेकाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या पावट्याच्या, शेंगा सोलत होती. जानेवारीत आमच्या शहरात घराघरांतून याच शेंगांचा उग्र, गोडसर वास येतो. तिचे हात थांबले.

"आठच? मुंबईची गाडी चोवीस तास घेते."

"हो."

"म्हणजे टोकियो मुंबईपेक्षा जवळ."

"संध्याकाळी बेळ्ळंदूरच्या गर्दीत अडकलीस तर व्हाइटफील्डपेक्षाही जवळ," अण्णा बैठकीतून म्हणाले.

त्या दिवसापासून आईने अक्काला आठ तासांवर नेऊन ठेवले. आमच्या गारव्यात दही लागायलाही तेवढेच तास लागतात, हे तिचे तिनेच ताडून पाहिले आणि शेजारच्या सरोजाक्कांना कुंपणावरून सांगितले, की विरजण लावून निघाले तर दही होईतो मी लेकीकडे. सरोजाक्कांनी कन्नडमध्ये विचारले, की मग ते दही खाणार कोण.

आता मला तारखेविषयी लिहायचे आहे, आणि ते सरळ लिहावे हे बरे. अण्णा जवळच्याच एका मंगळवारचे तिकीट काढणार होते. अक्काचीही तीच इच्छा होती, ती उघड म्हणत नसे, पण रोज फोनवर "आईचं सामान भरून झालं का?" असे विचारी. त्याच सुमारास शहरातल्या एका संशोधन संस्थेत माझी निवड-मुलाखत ठरली होती. दोन वर्षे मी त्या एका दिवसाकडे पाहत होते. आई त्या मंगळवारी गेली तर मुलाखतीआधीचे सहा दिवस स्वयंपाक, अण्णांचे पथ्य, घर असे सगळे माझ्यावर पडणार होते. मी हिशेब केला: दिवसाला तीन तास, म्हणजे एकूण अठरा तास. तेवढ्यात दोन विषयांची उजळणी होते. मी तो हिशेब कोणाला दाखवला नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरात जाऊन दुसराच मांडला.

"आई, तुला तिथे राहायला व्हिसावर मुदत मोजकीच मिळणार. लवकर गेलीस तर बाळ होण्याआधीचे दिवस फुकट जातील आणि नंतरचे कमी पडतील. डॉक्टरांच्या तारखेला अजून महिना आहे. आठ दिवसांनी निघ. आणि अंतर तरी किती? आठ तास. काही झालंच तर इथे जेवून निघायचं, पुढच्या जेवणाला तिथे."

प्रत्येक विधान खरे होते. आईने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "तू म्हणतेस तर सरी." अण्णांनी आठ दिवसांनंतरच्या बुधवारचे, भल्या पहाटे सुटणारे तिकीट काढले. अक्काला मीच फोन केला. ती म्हणाली, "आठ दिवसांनी काय होतंय."

थेट विमान आठवड्यातून तीनच दिवस सुटत असे, हे मला माहीत होते. विमान धावपट्टीवर आपल्यासाठी उभे असेल तरच टोकियो आठ तासांवर असते. एरवी ते दोन दिवसांवर असते, कधी तीन, आणि तिकीट मिळाले नाही तर त्याहून कितीतरी लांब. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही परीक्षेत मी असे अर्धे गृहीतक लपवून उत्तर दिले असते तर मला शून्य मिळाले असते.

मुलाखत सोमवारी झाली आणि चांगली झाली. वातावरणाच्या वरच्या थरांतल्या वाऱ्यांविषयी विचारले तेव्हा मी फळ्यापाशी जाऊन, न अडखळता, समीकरण लिहिले: उत्तर-दक्षिण तापमानात फरक असेल तर उंचीबरोबर पश्चिमेचा वारा वाढत जातो. एका परीक्षकांनी विचारले, हा वारा तुम्ही कधी अनुभवला आहे का? मी म्हटले, "दहा किलोमीटर उंचीवर जाण्याचा प्रसंग आला नाही, सर." सगळे हसले. मी खूश होऊन घरी आले.

मंगळवारी आईच्या दोन पेट्या वजनकाट्यावर चढल्या आणि उतरल्या. लाडू, मेतकूट, बाळंतशेपा, वाळवलेल्या अवरेकाईचे दाणे, सात दुपटी. कपडे शेवटी, उरलेल्या जागेत. निघण्यापूर्वी तिने पातेलेभर सोललेले दाणे पाण्यात भिजत घातले. अवरेकाई भिजली की एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन भांड्यात पडते. तिची आमटी हे आमच्याकडचे जानेवारीतले मुख्य कार्य. "उद्या सकाळी दोघांनी बसून पिळा," आईने बजावले. "ठेवलीत तर आंबतील. आणि अहो, नारळ पथ्यात नाही तुमच्या, पुट्टीला विचारून घाला." विमानतळावर आत जाताना तिने आमच्याकडे वळून पाहिले नाही. ती विसरली असेल, असे मला तेव्हा वाटले.

आम्ही परतलो तेव्हा राजाजीनगरात उजाडत होते. फुलवाली गल्लीच्या तोंडाशी मापाने शेवंती विकत होती, वरच्या मजल्यावर इडलीच्या पिठाचा रगडा सुरू झाला होता. अण्णा कुलूप काढत होते आणि फोन वाजला. भावोजींचा नंबर होता, पण आवाज अक्काचा.

"अण्णा, आई बसली ना विमानात?"

"बसली, सुटलंसुद्धा. साडेतीन तास झाले. तू एवढ्या सकाळी..."

"मी दवाखान्यात आहे. काल संध्याकाळपासून दुखतंय."

अण्णा किल्ली कुलपात तशीच ठेवून उभे राहिले. "कालपासून? आणि आत्ता सांगतेस?"

"काल सांगितलं असतं तर आईने विमानतळावरच फतकल मारली असती, रडत. यांनाही मी सांगू दिलं नाही." ती थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता, लांब आणि मोजलेला. मग ती बारीक आवाजात म्हणाली, "अण्णा, मला भीती वाटतेय. किती राहिली आई?"

मी दारातच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. उडत्या विमानांचे ठिकाण दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आईचे विमान सापडले, एक लहानसा पिवळा आकार, चीनच्या दक्षिण सीमेजवळ. "साधारण चार तास," मी म्हटले.

"तास नको सांगूस पुट्टी," अक्का म्हणाली. "तास ऐकले की जीव जातो. किलोमीटर सांग."

मला ते लागले, आणि लागायलाच हवे होते. "तीन हजार सहाशे," मी म्हटले.

पुढची सकाळ आम्ही जेवणाच्या टेबलाशी काढली. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. पलीकडे कधी अक्काचा चेहरा, कधी नुसते छत, कधी भावोजींचा खांदा दिसे. भावोजी अबोल गृहस्थ, ते पाणी देत आणि कागदांवर सह्या करत. परिचारिका जपानीत काहीतरी समजावत आणि अक्का तिला जपानीत उत्तर देई, पण कळ आली की ती मराठीत ओरडे. लॅपटॉप माझ्यासमोर होता. मी आकडा वाचत असे आणि अण्णा तो घेऊन भिंतीवरच्या नकाशापाशी जात, तिथून अक्काला सांगत.

"तीन हजार चारशे. खाली डोंगर आहेत. युन्नान."

"अजून डोंगरच?"

"डोंगर मोजायला वेळ लागतो, बाळ. उतार आला की भराभर जाईल."

कळ येई, जाई. मध्ये अण्णा येऊन बसत आणि पातेल्यातले दाणे पिळत, कारण आईने सांगितले होते आणि कारण हातांना काही तरी हवे होते. डाळ स्टीलच्या भांड्यात पडल्याचा टणटण आवाज होई.

"कसला आवाज?" अक्काने विचारले.

"अवरेकाई पिळतोय."

"मला सोडून आमटी करताय?"

"तुझे दाणे वाळवून पाठवलेत. तीन हजार शंभर. नदी ओलांडली."

अण्णांनी ती नदी कधी पाहिली नव्हती. ज्या माणसाने न चाललेल्या जमिनीला अफवा म्हटले, तो माणूस आता आईच्या पायाखालच्या प्रत्येक कोसाची हमी देत होता, खाली भात असेल, आता गाव असेल, आता थोडा ऊस. अक्का विचारी आणि ते सांगत. मी त्यांना इतके सलग बोलताना त्याआधी ऐकले नव्हते.

मग एका क्षणी मला आकडा चुकीचा वाटला. विमानाचा वेग नऊशेच्या आसपास असायला हवा. तो हळूहळू चढत हजारापार गेला होता. मी पान पुन्हा उघडले. एक हजार ऐंशी. थोड्या वेळाने एक हजार एकशे चाळीस.

"अण्णा, थांबा. काहीतरी चुकतंय."

ते दाणे पिळता पिळता उठून उभे राहिले. "काय झालं विमानाला?"

"विमानाला काही नाही. जमिनीवरून मोजलं तर ते फार जोरात जातंय. एवढं ते स्वतःहून जाऊ शकत नाही." आणि हे म्हणता म्हणता मला कळले. सोमवारी फळ्यावर मी हेच लिहिले होते. दक्षिणेकडच्या उबदार आणि उत्तरेकडच्या गोठलेल्या हवेतल्या फरकातून, दहा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी वाऱ्याची नदी. हिवाळ्यात ती जपानच्या दिशेने सर्वांत जोरात वाहते. मला ते समीकरण येत होते. त्या वाऱ्यात माझी आई असेल, हे समीकरणात नव्हते. "अण्णा, मागून वारा आहे. ताशी दोनशेहून जास्त. तो विमानाला ढकलतोय."

"दोनशे? वादळ आहे का?"

"नाही. आत बसलेल्यांना कळणारही नाही. सगळी हवाच चाललीये, विमान तिच्यात आहे."

अण्णा खुर्चीत बसले. हातातला दाणा तसाच चिमटीत होता. आमच्या स्वयंपाकघरात अगदी सामान्य सकाळ होती, उन्हाचा पट्टा ओट्यावर आला होता, वरचा रगडा थांबला होता. आणि त्याच वेळी आकाशाच्या एका थरात अर्ध्या खंडाएवढी हवा कोणी न सांगता, कोणासाठीही न थांबता, आईला तिच्या लेकीकडे नेत होती. मी तेव्हा काय शिकायचे ते ठरवले, असे म्हणणे सोयीचे होईल. खरे म्हणजे मी काहीच ठरवले नाही. माझ्या अंगावर काटा आला आणि तो उतरेपर्यंत मला पुढचा आकडा वाचता आला नाही.

अण्णांनी फोन जवळ ओढला. "अक्का, ऐकतेस का? आईला वारा घेऊन येतोय."

"खरं?"

"पुट्टी सांगतेय. मोजून सांगतेय."

अक्का हसली, आणि हसता हसता कळ आली. नंतरचे सारे फार वेगाने झाले. परिचारिकांचे आवाज वाढले, छत हलले, खोली बदलली. भावोजी म्हणाले, "फोन चालू ठेवतो." चित्र काळे झाले, बहुधा त्यांनी तो खिशात ठेवला. अण्णा लॅपटॉपपाशी आले आणि स्वतःच वाचू लागले. "अकराशे पन्नास राहिले. समुद्र आला, अक्का. अकराशे वीस." पलीकडून उत्तर येत नव्हते. "एक हजार नव्वद." ती ऐकत आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता, ते प्रत्येक आकडा तरीही स्पष्ट, मोठ्याने, खात्यात नोंद करवून घेताना सांगावा तसा सांगत राहिले. "एक हजार साठ. एक हजार तीस." आणि मग त्या काळ्या पडद्यातून एक आवाज आला, चिरका, रागावलेला, त्या सकाळच्या कोणत्याही आवाजासारखा नसलेला.

अण्णा म्हणाले, "एक हजार." आणि त्यांनी डोळे पुसले.

आई त्या वेळी पूर्व चीन समुद्रावर होती. ती आजी झाली होती आणि पुढचा तासभर पृथ्वीवरचे कोणीही तिला ते सांगू शकत नव्हते. वाऱ्याने तिला पाऊण तास आधी उतरवले. तिथून आणखी दोन तासांनी, भावोजींच्या सहकाऱ्याच्या गाडीतून, ती दवाखान्यात पोहोचली.

आमच्याकडे दुपार झाली होती तेव्हा तिचा चेहरा फोनवर दिसला. मांडीवर पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेली नात होती. अण्णांनी तिला पोटभर पाहून घेतले आणि मग उगाचच नारळ खवायला उठले. मी एकटी राहिले. अक्का आईच्या मागे पलंगावर झोपली होती. मला आणखी थांबता येईना.

"आई, तुला उशीर माझ्यामुळे झाला. मुदतीचं वगैरे निमित्त होतं. मुलाखत होईपर्यंत मला तू घरी हवी होतीस."

"ठाऊक आहे की."

"मग ऐकलंस कशाला माझं?"

आईने दुपट्याचे टोक नीट केले. आवाज उतरवून ती म्हणाली, "भीती वाटत होती गं मला, विमानाची. तुला अभ्यासाचे तास वाचवायचे होते की काय ते तू जाण. मला आठ दिवस मिळाले. मी म्हटलं, पुट्टी एवढं शिकलेली, सांगतेय तर ऐकावं. अक्काला बोलू नकोस हं."

"अक्का जागी आहे," पलंगावरून आवाज आला.

अक्काने डोळे उघडले नव्हते. "दोघी सारख्या चोर," ती म्हणाली. "एक अभ्यासाची, एक भित्री. आणि मी इथे वेड्यासारखी, आई येतेय, आई येतेय." आईने हात मागे नेऊन तिच्या कपाळावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग अक्का म्हणाली, "समुद्रापर्यंत ऐकू येत होते अण्णा. मग कळलं नाही."

आईचे डोळे भरून आले होते, पण ती माझ्याकडे पाहत होती. "काय गं," तिने विचारले, "परत यायलाही तेवढेच तास ना?"

"नाही. जवळजवळ दहा. तोच वारा समोरून लागतो."

आईने नातीकडे पाहिले, मग मागे वळून लेकीकडे.

"लागू दे," ती म्हणाली. "या दोघींना सोडून निघायचं तर तेवढा वेळ लागायचाच."